जाणाऱ्या डाकेचा पासवर्ड

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा दोन्ही हात जोडून नमस्कार (उजव्या हाताला ग्रीस लागलं आहे, तो मनानं जोडला असं समज). तुझा गुडघा आता जिना चढू देतो की अजून रुसलेलाच आहे? भावोजी कानातलं यंत्र कानात घालतात की अजून खिशातच बाळगतात? आम्ही दोघं ठीक आहोत. माझं वजन अर्ध्या किलोनं वाढलं आहे, आणि त्यात शंकेला जागा नाही, कारण जन्मभर वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरात निदान काटा तरी खोटं बोलत नाही.

तुझं रागाचं पत्र मिळालं. 'दगड' वाचलं, 'बाप आहेस की बंद पडलेली कचेरी' हेही वाचलं. पोर तुझ्याकडे राहते, तिची घालमेल तुला रोज डोळ्यांनी दिसते, तेव्हा तू चिडलीस यात नवल नाही. पण मी तिला उत्तरच दिलं नाही हा आरोप साफ खोटा आहे. मी उत्तर दिलं. एकदा सोडून तीनदा दिलं. ते घराबाहेर पडेना, एवढंच. आता पडलं, पोचलं, काल तिचा फोनही येऊन गेला, आणि इतकं हलकं वाटतंय की सकाळी दुकानात मी चक्क शीळ घालत होतो (समोरच्या चांभारानं बरं आहे ना म्हणून विचारलं). म्हणून सगळं सविस्तर लिहितो, आणि मुद्दाम कागदावर लिहितो. कागदाला पासवर्ड लागत नाही.

आमच्या बापलेकीची रीत तुला ठाऊक आहेच. महत्त्वाचं काही असलं की आम्ही लिहून बोलतो. शाळेत होती तेव्हापासून गणित सोडण्याचे, केस कापण्याचे, मांजर पाळण्याचे तिचे सगळे अर्ज मला चहाच्या डब्याखाली मिळायचे आणि मी त्याच कागदाच्या पाठीवर निकाल द्यायचो. तोंडी विचारलं की मी विषय बदलतो असं तिचं म्हणणं. (मी बदलत नाही. नेमका त्याच वेळी दुसरा निकडीचा विषय आठवतो, त्याला मी काय करू?) आता ती तुझ्या गावी आणि डबा इथे, म्हणून तिनं मेल पाठवला. एका मुलाशी लग्न करायचं ठरवलं आहे. तो उंच इमारतींच्या काचा पुसतो, म्हणजे बाहेरून, दोरीला लटकून. होय की नाही ते लिहून कळवा. महिनाअखेरपर्यंत उत्तर आलं नाही तर नाही असं समजेन आणि पुन्हा विषय काढणार नाही. खाली नेहमीप्रमाणे 'आपली आज्ञाधारक', जी ती एक दिवसही नव्हती.

मी लगेच घरातल्या कॉम्प्युटरवर बसून उत्तर लिहिलं. काय लिहिलं ते पुढे सांगतो. पाठवण्याचं बटण दाबलं, तर मशीननं जाणाऱ्या डाकेचा पासवर्ड मागितला. मला असलेला एकुलता एक पासवर्ड मी दिला. चुकीचा आहे म्हणालं. सावकाश एका बोटानं दिला, तरी चुकीचा. आणि त्याच वेळी येणारी डाक मात्र खुशाल येत होती! स्प्रिंगांच्या जाहिराती येत होत्या, कुणा परक्या बाईच्या योगवर्गाचं वेळापत्रक येत होतं. म्हणजे जगाला माझ्या घरात यायला मोकळीक आणि मला बाहेर जायला बंदी.

मेलवाल्या कंपनीला फोन लावला. बराच वेळ पेटीचे सूर ऐकवल्यावर एक मुलगी फोनवर आली. गोड होती बिचारी. तिनं सांगितलं की येणाऱ्या डाकेचा दरवाजा वेगळा, जाणाऱ्याचा वेगळा, आणि दोन्हींना वेगवेगळे पासवर्ड असू शकतात. जाणारा कुणीतरी पूर्वी एकदा भरून ठेवला असेल, मशीननं तो लक्षात ठेवला असेल आणि आता तो पुसला गेला असेल. मी म्हटलं, स्वतःच्या घरातून बाहेर पडताना कुणी ओळख विचारतं का? ती म्हणाली, "काका, तुमच्या नावानं दुसऱ्या कुणी पत्र पाठवू नये म्हणून असतं ते." ताई, माझ्या नावानं पत्रं लिहायची हौस कुणाला असणार? तिनं मला सेटिंगमध्ये नेलं, तिथे पोर्ट म्हणून एक आकडा होता, तो बदलायला लावला, मग परत पहिला घालायला लावला. शेवटी फोन मधेच तुटला (तिनं तोडला असं मी म्हणणार नाही).

घरात विचारलं. ही म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं?" दुकानाची बिलं ती आपल्या फोनवरून पाठवते, तिचं काही अडत नाही. माझं उत्तर तिच्या फोनवरून पाठवता आलं असतं, पण डब्याखालचा कागद आजवर तिसऱ्यानं उचललेला नाही, मग आता कशाला?

दर रविवारी पोरीचा फोन यायचा. मला वाटायचं, विचारेल. तिला वाटत असणार, सांगतील. मग आम्ही हवेबद्दल बोलायचो. एका रविवारी तर तुमच्या गीझरवर इतका वेळ बोललो की त्याचा मेकॅनिकसुद्धा कंटाळला असता. फोन ठेवला की मला अन्न गोड लागत नसे. महिना संपत आलेला, पोर नकार समजून गप्प बसणार आणि जन्मभर माझ्याशी हवेबद्दल बोलत राहणार, या विचारानं माझी पाचावर धारण बसली होती.

आता उत्तरांचं. पहिलं उत्तर 'नाही' होतं. दोरीवर लटकणारा जावई मला नको, असं चांगलं पानभर लिहिलं होतं, आणि हे सगळं आत्याच्या लाडांमुळे झालं असंही एक वाक्य होतं (रागावू नकोस). ते अडकून पडल्यावर चार-पाच दिवसांनी वाटलं की मजकूरच जरा कडक झाला. दुसऱ्यात मी फक्त चौकशी केली: दोरी किती किलो पेलते, गाठ कोणती मारतात, आणि दोरी कोण तपासतं. तेही अडकलं. मग परवा सकाळी कोपऱ्यावरच्या बँकेच्या काचा पुसायला माणसं आली. दुकान उघडं टाकून मी खाली उभा राहिलो. त्यातला एक जण अंगाचा भार टाकण्याआधी प्रत्येक गाठ ओढून बघत होता, मग दुसऱ्याची गाठ ओढत होता, आणि पुन्हा स्वतःची. मान दुखेपर्यंत बघितलं. अगं, मी काट्यावर वजन ठेवताना इतकी काळजी घेत नाही. घरी येऊन तिसरं उत्तर लिहिलं. एकाच ओळीचं: होय, त्याला घेऊन ये.

तेही अडकलं. पण आंघोळ करून आलो आणि डोकं शांत ठेवून पुन्हा बसलो. सेटिंगमध्ये एका चौकोनात बरोबरची खूण करून पाहिली, आणि बटण दाबताच पत्र गेलं! सुर्रकन आवाज झाला. आणि लगेच वाटलं, आधीची दोन्हीही मागोमाग गेली असतील तर? धडपडत बघितलं, तर ती दोन कुठेच नव्हती. गेलेल्यांत नाहीत, अडकलेल्यांत नाहीत. शिळी डाक मशीन आपणहून टाकून देतं असं दिसतं. एवढी समज माणसांतही नसते. सुटलो, ताई! पोर काल फोनवर आधी हसली, मग रडली, आणि मी विषय बदलला नाही.

भावोजींना नमस्कार. गुडघ्याला शेक दे.

तुझा धाकटा

ता.क. ते दोघं पुढच्या रविवारी येणार आहेत. तू बरोबर ये. समोरासमोर बसलं की मला काही सुचत नाही. मी दोरीबद्दल जास्त बोलायला लागलो तर टेबलाखालून पाय दाब. खरं म्हणजे एवढंच विचारायला पत्र लिहायला घेतलं होतं.

ता.क. २ तुझ्याकडे कुणाचा मेल अडकला तर मला विचार. आता मला त्यातलं सगळं येतं.

वन्संना नमस्कार. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे आलं, म्हणून खाली माझ्या चार ओळी. यांना सांगू नका. जाणाऱ्या डाकेचा पासवर्ड मीच पुसला होता. पोरीनं मेल पाठवणार असल्याचं मला आधी कळवलं होतं, आणि यांचं पहिलं उत्तर काय असतं ते मला माहीत आहे. परवा हे 'होय' लिहून आंघोळीला गेले, तेवढ्यात मी आधीची दोन पत्रं काढून टाकली आणि पासवर्ड परत भरला. खुणेचा काही संबंध नाही, पण त्यांना वाटतंय तर वाटू दे. पोरीला पहिल्याच दिवशी थांब म्हणून सांगितलं होतं. तुम्हाला मात्र सांगितलं नाही, माफ करा. तुमचं रागाचं पत्र खरंखुरं हवं होतं. ही युक्ती काही माझी नव्हे. आमचं लग्न ठरताना यांनी नकाराचं पत्र पोस्टात टाकायला तुमच्याकडे दिलं होतं आणि यांचं मन बदलेपर्यंत तुम्ही ते पर्समध्येच ठेवलंत, हे तुम्हीच तर मला सांगितलंत. ते पत्र पोस्टानं हरवलं असं हे अजून येईल-जाईल त्याला सांगतात.