उणे पाच कुणी गिळला

आदरणीय पितांबरनाना,

जळगावहून तुमचा पुतण्या प्रशील याचा सप्रेम जय भीम. तुमचा गुडघा आता देवपूरचा पूल न थांबता ओलांडतो का, काकूंची शुगर जागेवर आहे का, ते कळवा. माझी तब्येत उत्तम, फक्त डोकं तीन दिवस तापलेलं आहे, आणि ते लीलाधरमुळे. (फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मध्येच बोलता.)

लीलाधर म्हणजे, तुम्ही शब्द टाकून मला जिथे चिकटवलंत त्या ठिबकच्या कारखान्यातला माझा वरचा इंजिनीअर. (डिग्रीवाला. मी बारावी अर्धी टाकून सुरतेला गेलो, तिथून इंदूरला. इंदूरचे पोहे चांगले, पण ते असू द्या.) आम्ही शेतातले वाल्व उघडणारा छोटा कॉम्प्युटर बनवतो. त्याच्या पोटात अगदी तळाला ड्रायव्हर असतो, म्हणजे वाल्वशी बोलणारा कोड. रीत अशी की काम झालं तर त्याने वर शून्य पाठवायचा. (जन्मभर शून्यापायी मार खाल्ला, आणि इथे शून्य म्हणजे पास.) बिघडलं तर उणे आकडा. उणे पाच म्हणजे वाल्व बोलत नाही. वरच्या कोडने तो आकडा वाचायचा, निस्तरता आला तर निस्तरायचा, नाहीतर आहे तसा आणखी वर द्यायचा, थेट शेतकऱ्याच्या मोबाईलपर्यंत. गिळायचा नाही. पहिल्याच दिवशी लीलाधरने हे मला चारदा सांगितलं.

आणि आमच्याच कोडमध्ये काय निघालं? ड्रायव्हर बिचारा उणे पाच, उणे पाच करतोय, आणि त्याच्या डोक्यावर बसलेली एक ओळ: काहीही येवो, वर शून्य पाठव. पाचोऱ्याजवळ कोकिळाअक्कांच्या केळीत आमचं पहिलं यंत्र बसवलेलं. उंदराने वाल्वची वायर कुरतडली. अक्का लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या. मे महिन्याचे सहा दिवस मोबाईलवर हिरवं: पाणी चालू. परत येऊन बघतात तर अर्ध्या केळीने मान टाकलेली.

बोलणी खायला पाठवलं मला. अक्कांनी आवाजही चढवला नाही. म्हणाल्या, "भाऊ, तुना मोबाईल म्हणस पानी चालू शे. मंग पुढली केळी मोबाईलमाच लावू का?" वर चहा पाजला. चहा पाजून बोललेलं जास्त लागतं, नाना.

त्याच रागात परत आलो आणि सरळ मालकांपुढे उभा राहिलो. म्हणालो, सगळा कोड लीलाधरच्या डोळ्यांखालून जातो, एवढा शिकलेला माणूस ही ओळ बघून पुढे सोडतोच कशी? मालकांनी ठरवलं, सोमवारी लीलाधरला घरी बसवायचं. आणि लीलाधर? "तपासायला मी होतो, चूक माझी," एवढं म्हणून डबा उघडून बसला. मलाही भरीत वाढलं. अरे, भांड ना माणसा. मी खाल्लं, पण रागानेच खाल्लं.

असो. काकूंना नमस्कार.

तुमचा तापलेला,
प्रशील

ता. क. हे पत्र घेऊन येणारा चंदन आपल्या बसचा कंडक्टर आहे, भरवशाचा आहे. त्याच्याकडे काकूंनी भाकरीसाठी कळण्याचं पीठ द्यावं.

आणखी एक ता. क. कोडमधली कुठली ओळ कुणी कधी लिहिली याची नोंद राहते. मालकांना ती उघडता येत नाही. लीलाधरला येते, आणि त्याने ती बघितली आहे. ती ओळ माझी आहे. चौदा मार्च. त्या दिवशी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून माझं काम बघायला आला होतात, आणि टेबलावरच्या यंत्राला वाल्वच जोडलेला नव्हता, पडदा लालभडक. तुमच्यासमोर लाल नको, म्हणून लिहिली. हिरवं बघून तुम्ही मालकांचे दोन्ही हात हातात घेतलेत. नंतर ओळ काढायची राहून गेली. मालक तुमचं ऐकतात. सोमवारच्या आत त्यांना माझं नाव सांगाल का? मी तीनदा केबिनच्या दारापर्यंत गेलो. तिन्ही वेळा त्यांनी विचारलं, काय रे? तिन्ही वेळा मी म्हणालो, काही नाही.