ताईची डावी बाजू

१२ ऑगस्ट

चि. ढब्बूस,
ताईचे आशीर्वाद, आज जरा हात आखडून.

दोन गल्ल्यांपलीकडे राहून पत्र लिहितेय, कारण फोनवर तू नुसतं बरं बरं म्हणतोस आणि फोन बायकोकडे देतोस.

काल क्लबच्या फळ्यावर वाचलं. पन्नाशीपुढच्यांच्या खुल्या दुहेरीत तुझा जोडीदार बँकेतला कॅशियर, आणि माझं नाव पंचांच्या यादीत, दोन्ही तुझ्याच अक्षरात. बावीस वर्षं आपण एकत्र बॅडमिंटन खेळलो, आणि मला विचारायची तसदीसुद्धा घेतली नाहीस. आणि अक्कल बघ. जिचा पाय धड नाही असं तुला वाटतं, तिलाच तू शिडी चढून उंच खुर्चीत बसवायला निघालास.

डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशनला अकरा महिने झाले. गुडघा बदललेला नाही, हे तुला कितव्यांदा सांगू? संधिवातानं आतल्या बाजूची गादी झिजली होती आणि पाय बाहेरच्या बाजूला वाकला होता. डॉक्टरांनी गुडघ्याखालचं हाड कापून सरळ केलं, पट्टी आणि स्क्रू बसवले. खुब्यापासून घोट्यापर्यंतची रेघ आता गुडघ्याच्या चांगल्या बाजूतून जाते. जन्मभर भूमिती शिकवलीय, एवढं मला कळतं. हाड नीट जुळल्यावर त्यांनी सांगितलं की एकेरी बंद, लाकडी कोर्टवर दुहेरी चालेल. झीज गेलेली नाही, पुढेमागे गुडघा बदलावाही लागेल, हेही सांगितलं. म्हणून तर मला आत्ता खेळायचंय. सहा महिने जिन्याच्या एकाच पायरीवर चढ-उतार केली, ती पंच व्हायला नव्हे.

उत्तर लिहूनच पाठव. लोभ आहे, पण सध्या रागाखाली दबलाय.
तुझी ताई

१६ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात दुसऱ्याच्या काचा बसवल्या. चूक माझी आहे, विचारायला हवं होतं.

पण ऑपरेशनच्या आधी, तुझा गुडघा कुरकुरत असताना त्या दिवशी तू कोर्टवर पडलीस, ते शटल माझ्या बाजूचं होतं. मी आळस केला म्हणून तू धावलीस. तुला उचलून गाडीत बसवताना तुझा जो चेहरा पाहिला, तो डोळ्यांपुढून जात नाही. मला भीती वाटते, ताई. पुढची गल्ली न ओलांडता घरी बसणारी ताई मला चालेल, पण पुन्हा तशी पडलेली चालणार नाही.

तरी रविवारी सकाळी ये. अर्ध्या कोर्टवर हलकं खेळून बघू. जमलं तर फळ्यावरचं नाव बदलतो.

राग गिळून टाक, लोभ तेवढा वर येऊ दे.
तुझा ढब्बू

२१ ऑगस्ट

चि. ढब्बूस,
आशीर्वाद.

एकवीस-नऊ. मी जिंकले, आणि घरी येऊन रॅकेट कपाटावर फेकली. मला कळणार नाही असं वाटलं का तुला? तुला पहिली रॅकेट मी धरायला शिकवली. प्रत्येक शटल तू माझ्या उजव्या हाताशी अलगद आणून दिलंस, बाळाला घास भरवतात तसं. नेटजवळ एकदाही टाकलं नाहीस. वर टाळ्या वाजवल्यास. कुबड्यांवर होते तेव्हासुद्धा मला इतकं पंगू वाटलं नव्हतं.

तू गेल्यावर, मी अजून कोर्टवरच असताना, कॅशियर आला. त्यानं गुडघ्याची चौकशी केली नाही, कोर्टची कुठली बाजू घेणार एवढंच विचारलं. त्याच अर्ध्या कोर्टवर एकवीस-सहानं धुतलं आणि माझी सर्व्हिस टाकाऊ आहे म्हणाला. मी तिथेच त्याला जोडीदार होशील का विचारलं, तो हो म्हणाला. आमची नावं आज दिली. तू दुसरा कुणी बघ.

समोर आलोच तर नीट खेळ. पुन्हा मला जिंकवलंस तर तुझंमाझं बोलणं बंद, आणि हे मी थंड डोक्यानं लिहितेय.
तुझी ताई

९ ऑक्टोबर

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

हरवलंस, तेही दोन्ही गेममध्ये, सगळ्या क्लबासमोर. तुझी बायको तुझ्याशी अबोला धरून बसलीय असं कळलं. तिच्या मते तू कसाई आहेस, कारण अर्धीअधिक शटलं तू माझ्या डाव्या पायाकडे मारलीस. तिला सांग, तिथेच मी कच्ची आहे, आणि खेळणारा माणूस तिथेच मारतो. पहिलं मारलंस तेव्हा तुझा चेहरा पांढराफटक पडला होता. मी पाहिलं. तरी पुढचंही तिकडेच मारलंस.

घरी येऊन गुडघ्याला बर्फ लावला आणि पोटभर रडले. दुखतंय म्हणून नव्हे. थोडी सूज आहे, डॉक्टरांना विचारलंय, ते दोन दिवस आराम कर म्हणाले.

राग मात्र आहेच. तुझं शेवटचं शटल लाइनीच्या चार बोटं बाहेर पडलं. पंचाला दिसलं नाही, आणि तू चष्मेवाला असून मूग गिळून बसलास. माझ्याविरुद्ध जिंकायला तुला लबाडी करावी लागली, हे मी आता क्लबभर सांगत फिरणार आहे.

लोभ ठेव, आणि रविवारी वेळेवर ये.
तुझी ताई