गुढीच्या काठीला बांधलेला आरसा

नाना,

तीर्थरूप, साष्टांग नमस्कार वगैरे लिहायला घेतलं तर पुढचं काही सुचायचं नाही, म्हणून सरळच सांगते. चार दिवसांपूर्वी पाडव्याची गुढी उतरवली आणि दुसऱ्याच सकाळी तिच्या काठीच्या टोकाला दाढीचा आरसा बांधला. घरातल्यांनी विचारलं, हे काय नवीन? म्हटलं, नवीन कसलं, आमच्या माहेरची पद्धत आहे. बाल्कनीच्या ग्रिलवर चढवलेल्या जाईत, हात पोचत नाही अशा जागी, बुलबुलांच्या जोडीनं घरटं केलंय. आरशात तीन अंडी दिसली, गुलाबीसर, वर तांबडे ठिपके. ऐकायला घरात माणसं आहेत, पण मला ते तुम्हालाच सांगायचं होतं.

नाशिक रोडच्या आपल्या क्वार्टरमागची ती बाग आठवते. बाग म्हणजे काय, एक लिंबू, आईची तुळस आणि कुंपणापासून छपरापर्यंत माजलेली मधुमालती. प्रेसमधून पहिली शिफ्ट करून तुम्ही घरी आलात, की हाताला शाईचा वास तसाच असायचा आणि चहाच्या आधी तुम्ही वेलीकडे जायचात. चैत्रात त्या वेलीत बुलबुल असायचेच. पाडवा झाला की गुढीची काठी माळ्यावर न जाता तुमच्या ताब्यात यायची. आई ओरडायची, "अहो, गुढीची काठी आहे ती! फुलं काढायची आकडी नव्हे." तुम्ही सुतळीची गाठ मारता मारता म्हणायचात, "देवाचंच काम चाललंय." मी खाली धरायचे, तुम्ही माझ्या मागून वर धरायचात. काठी जरा हलली की आरसा तिरका व्हायचा, घरटं नाहीसं व्हायचं आणि आपण दोघंच दिसायचो, माना वर, तोंडं उघडी. "ही दोन पिल्लं जरा मोठीच निघाली," असं तुम्ही दरवर्षी म्हणायचात आणि मी दरवर्षी हसायचे. एरवी तुमचं माझ्याशी बोलणं म्हणजे मार्क किती आणि बसचा पास संपला का. तेवढ्या त्या काठीखाली तुमचा आवाज माझ्या कानाशी असायचा.

तुम्ही रिटायर झालात त्या वर्षी आई सामान घेऊन गंगापूर रोडच्या नव्या फ्लॅटवर गेली. माझी कॉलेजची परीक्षा होती म्हणून मी मागे राहिले आणि तुम्ही माझ्या सोबतीला, असं आपण सगळ्यांना सांगितलं. खरं कारण वेलीत होतं, त्या वर्षी घरटं पाडव्याच्या आधीच झालं होतं. क्वार्टर तुमच्याच खात्यातल्या एकाला मिळालं होतं. वेल काढून त्यांना मागे पत्र्याची शेड टाकायची होती. तुम्ही त्यांना सांगितलंत, पिल्लं उडाली की त्याच दिवशी किल्ली देतो. ते रोज फाटकाशी सायकल थांबवून विचारायचे, "काय साहेब, तुमचे पोटभाडेकरू कधी निघणार?" तुम्ही हसायचात, पण त्यांनी पाठ फिरवली की वेलीकडे बघायचात. रिकाम्या घरात एक स्टो, दोन ताटं आणि तुमच्या हातची खिचडी. रोज खालून लागलेली, आणि तुम्ही रोज म्हणायचात, आज जमली. माझ्या आयुष्यात तुम्ही माझ्याशी सगळ्यात जास्त बोललात ते त्या दिवसांत. तुमच्या लहानपणचं, नोकरीतल्या पहिल्या पगाराचं, आईला पहिल्यांदा बघायला गेलात तेव्हाचं. पिल्लांना पंख फुटत होते आणि मला वाटायचं, इतकी घाई कशाला करतात ही?

पाडव्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकूंकडे आईचा फोन आला. गुढीची काठी कुठाय? काठी आरशासकट अंगणात होती. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी तुम्ही आरसा सोडवून ठेवलात आणि आपण काठी घेऊन आईकडे निघालो. तेवढ्यात कुंपणाच्या भिंतीवर भारद्वाज येऊन बसला, तांबडे पंख, लाल डोळा. "अगं, इकडे ये लवकर! पाडव्याला भारद्वाज दिसला, याहून शुभ काय?" तुम्ही काठी काखेत धरून हात जोडलेत. मीही जोडले. शेजारच्या काकू दारातून बघत होत्या, त्यांनीही जोडले. मग सिटी बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "काका, काठीला पण सीट देऊ का?" आणि सगळी बस हसली. तुम्हीही. त्या दिवशी तुम्ही फार खुशीत होतात, नाना.

संध्याकाळी गुढी उतरवून, काठी घेऊन परत आलो. तुम्ही चपलाही न काढता आरसा बांधलात. अंगणातल्या दिव्यात घरट्याचं गवत तेवढं दिसलं. काकू कुंपणाशी आल्या. म्हणाल्या, "तुमी गेल्यावर तो भारद्वाज येलीत घुसला हो. बुलबुल लय ओरडत होते. मी हाकलणारच होते, पण सणाच्या दिवशी भारद्वाजाला कसं हाकलायचं?" तेव्हा कुठे आपल्याला कळलं, तो दुसऱ्यांची पिल्लं खातो म्हणून. आरसा तिरका झाला. आपण दोघं दिसलो आणि तुम्ही सुतळीची गाठ सोडायला लागलात. आरसा हातात घेऊन एवढंच म्हणालात, "त्याचीही पिल्लं असतील कुठंतरी." दुसऱ्या दिवशी किल्ली देऊन टाकलीत.

त्यानंतर तुम्ही काठीला आरसा बांधला नाहीत. आई खिडकीतून हाक मारायची, अहो, भारद्वाज! तुम्ही पेपर खाली करत नव्हतात. नाशिक रोडला कामासाठी गेलात तरी कॉलनीचा रस्ता टाळून लांबून यायचात. मला वाटायचं विसराल, आणि मग विसरायला वेळच उरला नाही.

मागच्या महिन्यात मी त्या कॉलनीत गेले होते. तुम्हाला हेच कळवायचंय. मधुमालती अजून आहे, नाना! छपरावरून पलीकडे गेलीय. तुमच्या त्या सहकाऱ्यांच्या बायकोनं चहा दिला. म्हणाल्या, त्याच उन्हाळ्यात वेल तोडायला माणूस बोलावला होता, तर आत नवीन घरटं. ह्यांनी कपाळावर हात मारला, पण माणसाला परत पाठवलं. ती पिल्लं उडाली. मग पुढच्या वर्षी पुन्हा, मग पुन्हा. शेड झालीच नाही. "तुमच्या वडिलांना सांगायचं होतं," त्या म्हणाल्या, "पण ते इकडं फिरकलेच नाहीत." कप हातात घेऊनच मी वेलीखाली गेले. एकदा, एकदाच त्या रस्त्यानं गेला असतात तर.

इथेही समोरच्या प्लॉटवर भारद्वाज येतो. माझे हात आधी जोडले जातात, मग टाळ्या वाजवून मी त्याला हाकलते. घरातले हसतात.

हे पत्र कुठे टाकणार? कपाटात राहील. एक मात्र कबूल करते. अंडी बघून झाली तरी मी काठी लगेच खाली घेत नाही. आरसा मुद्दाम तिरका करते. त्यात मी दिसते, मान वर, तोंड उघडं, आणि माझ्या मागे तुमच्याएवढी जागा दिसते.