जोर करायचा नाही

३ डिसेंबर
दवाखान्यातून सुट्टी. परभणी ते जिंतूर ह्यांच्या मित्राच्या जीपमध्ये आडवी. सतरा वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, पण रस्त्यात इतके खड्डे आहेत हे आज पोटानं सांगितलं. बेंबीचा हर्निया, आत जाळी शिवलीय. निघताना डॉक्टर मॅडम बोट नाचवून म्हणाल्या, संडासला बसल्यावर जोर करायचा नाही. टाके सुटले तर पुन्हा पोट उघडावं लागेल, आणि मग गाडीवर उभं राहणं विसरा.

ऑपरेशनपासून एकदाही झालेलं नाही. दुखण्याच्या कडक गोळ्यांनी कोठा अडतो म्हणे, होईल.

असलं उघडं लिहायला लाज वाटते. आमच्या घंटीच्या भाषेत लिहीन. सिंगल म्हणजे गाडी थांबलेली, झालं नाही. डबल म्हणजे सुटली.

आज सिंगल.

४ डिसें.
सिंगल. सकाळी हे अंगणातूनच ओरडले, "मंगल, झालं का गं?" शेजारची शाहीनभाभी कपडे वाळत घालत होती. मी उशीत तोंड खुपसलं. माणूस चांगला आहे, पण आवाज मेंढरं वळायचा. सध्या मेंढरं धाकट्या दिराकडं आहेत आणि घरी दोनच शेळ्या, तरी आवाज तेवढाच.

इसबगोल घेतलं, दोन घोटांवर. त्याहून जास्त पाणी मला जातच नाही. ड्युटीवरची सवय. पैशाची पिशवी गळ्यात घेऊन कुठं उतरायचं, त्यापेक्षा प्यायचंच नाही. स्टँडवर सोय असायची, मीच जायची नाही.

६ डिसें.
सिंगल. पोट दगड. इसबगोल दोनदा घेतलं, ते आत जाऊन सिमेंटसारखं धरलंय असं वाटतं.

उकिडवं बसता येत नाही, टाके ताणतात. तर ह्यांनी काय करावं? दारातली प्लास्टिकची खुर्ची उचलली, विळा चुलीत तापवला आणि बैठकीला गोल भोक पाडलं. कडेनं जुन्या टॉवेलची पट्टी गुंडाळली. पायाखाली दोन विटा. मग स्वतः बसून बघितलं, कपड्यांसकट, आणि "हितं चिमटा घ्यायलाय" म्हणून आणखी तासली. मला बघायला आले होते तेव्हा एवढी तपासणी केली नव्हती. हसले तर टाके दुखले.

खुर्ची झकास. तिच्यावर बसून काही झालं नाही, तो दोष खुर्चीचा नाही.

"एरंडेल पाजू का? मेंढीला पाजतोत आमी."
"मी मेंढी हाय का?"
"मेंढी ऐकती तरी."

७ डिसें.
शाहीनभाभी बसायला आली. शेवटी तिच्या कानात सांगितलं. "इत्ती सरमाती कायकू गे? सोनामुखीका चूर्ण मंगाती मैं. एक चमचा गरम पानीमें. सुबेतक रस्ता साफ."

तिनं एकच चमचा सांगितला होता. मी दोन घेतले. वर डॉक्टरांचं गोड पातळ औषधही दुप्पट. लेट झालेली गाडी पुढं भरून काढतात, तसं. ह्यांना सांगितलं नाही.

८ डिसें.
अति तिथं माती.

सकाळपासून कळा. डबल, डबल, डबल, मोजायची सोय नाही. शेवटच्या वेळी खुर्चीपर्यंत पोचलेच नाही. साडी, सतरंजी, फरशी. डोळ्यांपुढं अंधारी. कळ आली की आपोआप जोर व्हायचा आणि बेंबीपाशी आत काहीतरी ओढल्यासारखं... सुटलं, सुटलं, एवढंच म्हणत होते.

ह्यांनी मला भिंतीला टेकवलं. गरम पाण्यानं पुसलं, लुगडं बदललं, मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजलं. मग साडी आणि सतरंजी घेऊन अंगणात धुवायला बसले. दिवसाढवळ्या, सगळ्या गल्लीसमोर. आमच्यात पुरुष बायकोची साडी धूत नाहीत. कुणीतरी विचारलं असावं, कारण आवाज आला, "बायकोचं पोट बिघडलंय. त्यात काय." एवढंच.

चूर्णाची पुडी त्यांना सापडली होती. मला वाटलं आता भडकतील. पुडी खिडकीत ठेवली आणि म्हणाले, "सांगून घेतली असतीस तर मी जागा ऱ्हायलो असतो."

मग सगळंच सांगितलं, दोन चमचे आणि दुप्पट औषधही.

९ डिसें.
परभणी, दवाखाना. मॅडमनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, "तसा थोडा त्रास..." पुढं शब्द फुटेना. सुट्ट्या पैशांसाठी भांडणाऱ्या पन्नास माणसांना गप्प करते मी, आणि इथं वाचा बसली.

हे पुढं सरकले. "डॉक्टरीणबाई, ती लाजायलीय. मी सांगतो. आदी आठ दिस कायच न्हाई. मंग हिनं चोरून चूर्ण घेतलं, दोन चमचे, अन् वर तुमचं औषध डबल. मंग काल पाण्यावानी, लय येळा. अन् पाणी पिती चिमणीएवढं."

दार सताड उघडं. बाहेरचा अख्खा बाक कान देऊन. मला धरणीनं पोटात घेतलं तर बरं असं झालं. मॅडमनी मात्र पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, असं सांगणारं माणूस सोबत आलं की माझं अर्धं काम होतं. मग हात लावून, खोकायला लावून बघितलं. टाके जागेवर, जाळी जागेवर. मी तिथंच रडले.

हुकूम असा. चूर्ण बंद. दोन दिवस पोट शांत होऊ द्यायचं, मग गोड औषध रात्री एकदा, सांगितलंय तेवढंच. कडक गोळीऐवजी साधी. इसबगोल कमी पाण्यावर घेतलं तर उलट अडतं, ते आत्ता नकोच. पाणी दिवसभर. आणि पोटानं हाक मारली की लगेच जायचं, थोपवायचं नाही. एरंडेलाचं ह्यांनी विचारलंच. मॅडम म्हणाल्या, "मेंढीलाच द्या."

बाहेर आलो तर बाकावरची एक म्हातारी ह्यांना म्हणते, "बाबा, माजंबी तेच हाय. आत येऊन सांग की." हे खरंच तिच्याबरोबर गेले. भीड भिकेची बहीण म्हणतात. ती बहीण माझ्याकडं मुक्कामाला असते, ह्यांच्या दारात ती कधी उभीच राहिली नाही.

११ डिसें.
पाण्याचा तांब्या समोर आला की उमासे येतात. सकाळपासून दोन घोट. हे बघत होते. मग पेला भरून बाजेवर शेजारी येऊन बसले.

"चला, जिंतूर सुटली."

पेला संपवला. शेळ्यांना पाला टाकून आले ते ओरडतच, "चारठाणा!" अर्धा पेला. जेवणाआधी, "देवगाव फाटा, उतरणारे म्होरं या." मग सेलू, मग पाथरी. दिवस मावळायच्या आत मानवत गाठलं, आणि तांब्या रिकामा.

माझा रूट. माझ्या गाडीत हे आयुष्यात दोनदा बसलेत, तेही झोपून. थांबे कुठून पाठ? तर म्हणाले, "रोज घरी येऊन तेच बोलतीस की. फाट्यावर गर्दी, सेलूत सुट्टे न्हाईत. ऐकतो मी."

मला वाटायचं ऐकत नाहीत. मी बोलत असायचे आणि हे मेंढीच्या खुरातला काटा काढत असायचे. एवढी वर्षं हा माणूस काटा काढता काढता सगळं ऐकत होता. कुणाला सांगू, असं झालंय.

१४ डिसें.
डबल. जोर न करता!

खुर्चीवर बसले होते, दाराबाहेर हे टकरीच्या मेंढ्याची गोष्ट सांगत होते. मेंढा पाटलाच्या मोटरसायकलच्या आरशात स्वतःलाच बघतो, चवताळतो आणि... पुढं काय झालं त्यात जीव अडकला होता, तेवढ्यात इकडचं झालं. कळलंही नाही. आतून सांगितलं, झालं. ह्यांनी ते बाहेर शेळीला सांगितलं.

आरशाचं काय झालं ते राहिलंच. उद्या विचारीन.

१९ डिसें.
येळवस, शेतात पूजा करून जेवायची अमावस्या. भावाच्या शेतात जाता आलं नाही, वहिनीनं अंबील आणि भज्जी पाठवली. आंबट अंबील, दोन वाट्या. ही पाण्यात धरायची का, विचारलं. "धरली. पाथरीपत्तर माफ."

डबल. औषध रात्री एकदाच.

२७ डिसें.
दिराचा फोन. मेंढरं गोदाकाठी न्यायची वेळ झाली. दरवर्षी कळपाच्या पुढं हे असतात, यंदा तो एकटा ओढतोय. फोन स्पीकरवर होता. "दादा, वयनीच्या संडासापायी कळप सोडलास का रं?"

मी पांघरूण डोक्यावर ओढलं. वाटलं, आता हे काहीतरी सारवासारव करतील. ताप आहे म्हणतील.

"हां. त्याच्यापायीच."

फोन ठेवला आणि चहा टाकला. चहात साखर जास्त पडली होती, पण आज चालली.

५ जाने.
मॅडमकडं. जखम भरलीय. औषध आता एक दिवसाआड, मग बंद. आतड्याला त्याच्याशिवाय चालायला शिकू द्या म्हणाल्या.

ड्युटीचं विचारलं. बसून काम असेल तर लवकर, गाडीवर मात्र आणखी थांबा. ऑफिसात साहेबांना फोन केला. पासची खिडकी रिकामी आहे, म्हणाले, घ्या, पाहिजे तर कायमची घ्या. सगळ्यांना वाटतं मी घ्यावी. खिडकीतून नुसते हात दिसतात. मला माणसं लागतात, फाट्यावरची गर्दी लागते, बाजाराच्या दिवशी कोंबडी लपवून चढणाऱ्या बायका लागतात.

आणि गाडीवर पुन्हा कोंडून घेतलं, पुन्हा जोर केला, तर जाळी जाणार. हेही खरं.

१२ जाने.
औषध पूर्ण बंद. सिंगल.

१३ जाने.
सिंगल. पोट पुन्हा जड. दोनदा बाटलीपर्यंत हात गेला. चूर्णाचीही आठवण आली, खोटं कशाला लिहू. या वेळी ह्यांना सांगितलं. पेरू कापत होते. "आजचा दिस बघू. न्हाईच झालं तर मॅडमला इचारून चमचाभर घे. औषध काय दुस्मन न्हाई. भ्यायचं कामच न्हाई." पिकला पेरू, मेथीची भाजी, ज्वारीची भाकरी. मानवतपर्यंत पाणी.

हा माणूस घाबरत कसा नाही? का घाबरतो आणि मला दिसू देत नाही?

१४ जाने.
संक्रांत. डबल! औषधाशिवाय!

तिळगूळ द्यायला शाहीनभाभीकडं गेले आणि दारातूनच सांगितलं. तिचा दीर आत बसलेला होता. भाभी म्हणाली, "या अल्ला, तेरेकू क्या हुआ गे?" मग इतकी हसली की तिळगूळ सांडला.

२३ जाने.
हे गोदाकाठी निघाले. मीच पाठवलं. दिराचा आवाज फोनवर उतरलेला होता, एकट्यानं किती ओढायचं. घोंगडं, काठी, भाकरीचं फडकं. आठवणीनं खुर्चीच्या विटा सरळ करून गेले.

खिडकी का गाडी, विचारलं. "मला इचारू नको. मी खिडकीच म्हणन." थोडं पुढं जाऊन परत आले. "पण तुला खिडकीत बघून मला लय वंगाळ वाटंल."

सरळ उत्तर दिलं नाही म्हणून मी चिडले. मग गेल्यावर कळलं की दिलं.

२९ जाने.
डबल. घरी एकटी. बाहेर गोष्ट सांगायला कोणी नाही, आतच स्वतःला सांगितली. आरसा फुटत नाही. मेंढाच लाजून मागं फिरतो.

मॅडमचं म्हणणं, पोटाला पट्टा बांधून आठ दिवस गाडीवर जाऊन बघा. दहा तारखेला त्या हात लावून बघणार, मग सांगणार. साहेबांनी तोवर खिडकी धरून ठेवलीय.

३ फेब्रु.
पहिली ड्युटी. पट्टा, पिशवी, मशीन, आणि पाण्याची मोठी बाटली. ड्रायव्हर गजूभाऊ बाटलीकडं बघून म्हणाला, "बाई, लग्नाला निघालात का?" चारठाणा प्यायले. फाटा प्यायले. सेलू प्यायले.

पाथरीला गाडी गच्च भरली. सुटायची वेळ झालेली, गजूभाऊनं स्टार्टर मारलेला, आणि पोटानं हाक मारली. आजवर अशा वेळी घंटी मारत आले. हात दोरीपर्यंत गेलाही. तिथंच थांबला. मानवतपर्यंत दाबता आलं असतं, नेहमी दाबलंय...

"गजूभाऊ, बंद करा. मी संडासला जाऊन येते."

मोठ्यानं म्हटलं. पुटपुटले असते तर पाय उचललाच नसता. मागून एक म्हातारा, "बाई, टाइम झालाय की!" कुणीतरी खिदळलं. मी तरी उतरायला लागले. तेवढ्यात मधल्या सीटवरची लेकुरवाळी उठली. लेकरू शेजारणीच्या मांडीवर ठेवलं. "थांबा वं, मीबी येते." तिच्या मागं एक म्हातारी. मग खिडकीजवळची कॉलेजची पोरगी, मान खाली घालून. तिघी माझ्यामागं उतरल्या.

गाडी लेट सुटली. म्हातारा मानवतपर्यंत बडबडला. त्या पोरीनं मात्र उतरताना माझ्या दंडाला हात लावला.

आता घरी. बेंबीपाशी ओढ आहे. दिवसभर उभी राहिल्यामुळं का दुसरं काही, समजत नाही. हात ठेवून बघितला. सपाट वाटतं. मग वाटतं नाही, थोडं वर आलंय. दहा तारखेला मॅडम बघतील. साहेबांना अजून काही कळवलेलं नाही.

ह्यांचा फोन लागत नाही. मेंढरं कुठल्या रानात बसलीत कोण जाणे. तिघी उतरल्या, एवढंच सांगायचं होतं.