केंद्र क्रमांक चौदावरचे दुसरे मत

हे लिहून ठेवणारा मी, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा कुलपे दुरुस्त करणे व किल्ल्या बनवणे, राहणार बाजाराच्या उत्तर फाटकाला लागून असलेल्या दुकानाच्या माळ्यावर (फाटक आता नाही; त्याबद्दल पुढे येईल), आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने, माझ्यामागे काय कोणाकडे जावे हे ठरवून ठेवीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यावर सही करताना ते म्हणाले, "डोकं अगदी शाबूत आहे, फक्त तुमची ती मतं तेवढी..." आणि हसले. या शहरात माझ्याबद्दलचे वाक्य कोणी पुरे करत नाही. चाळीस वर्षे मी अर्धी वाक्ये ऐकत आलो आहे. निदान मृत्युपत्रात तरी पुरी वाक्ये लिहावीत असा माझा विचार आहे.

वकीलबाईंनी कच्चा मसुदा वाचून कपाळाला हात लावला. "काका, मृत्युपत्रात मालमत्ता लिहितात, भांडणं नाही." मी म्हटले, "बाई, माझ्याकडे मालमत्ता थोडी आणि भांडणं फार. जे आहे तेच वाटणार ना?" त्यांनी नाद सोडला.

कलम १. दीड वर्षापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात घर व दुकान आमच्या पक्षाच्या शहर कार्यालयाला दिले होते आणि माझ्या एकुलत्या एका मुलीचे नाव कोठेही नव्हते. ते मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो. कारण कलम ५ मध्ये दिले आहे. ते आधी वाचू नये, क्रमाने वाचावे. प्रत्येक गोष्टीला क्रम असतो, हेच तर मी जन्मभर ओरडून सांगत आलो.

कलम २. मी जुन्या विचारांचा माणूस आहे. हा गुन्हा नाही, पण या शहरात तो रोग समजला जातो. माझे म्हणणे एवढेच की, चालू असलेली वस्तू मोडण्यापूर्वी ती मुळात का बनवली होती, हे एकदा विचारावे. पालिकेने अंथरूण पाहून पाय पसरावेत. शिक्षक वर्गात आले की मुलांनी उभे राहावे. रस्त्यांची नावे दर पाच वर्षांनी बदलू नयेत, कारण कुलूप उघडून द्यायला मला घर सापडत नाही. एवढ्यावर लोक माझ्याशी भांडले असते तर मी त्यांचा आभारी झालो असतो. ते भांडत नाहीत. ते समजावतात. आवाज मऊ करून, आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलावे तसे. आणि जाताना वर म्हणतात, "पण तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही हो!" हे त्यांचे कौतुक.

दारावर 'येथे सर्वांचे स्वागत आहे' अशी पाटी लावलेल्या घरांना मी आजवर किती कुलपे बसवली याची मोजदाद नाही. एका घरी पाटीच्या खालीच तिसरे कुलूप बसवायचे होते. मी मालकिणीला म्हटले, "बाई, पाटी थोडी वर घेऊ का? कुलपाला जागा होत नाही." त्या बाईने नंतर मला कधी बोलावले नाही. मी त्यांना क्षमा करतो. कुलूप चांगले आहे, अजून वीस वर्षे जाईल.

कलम ३. किल्ली कापायचे यंत्र, वाइस, सर्व कानशी आणि खणांचे कपाट हे तिसऱ्या दुकानातल्या सायकलवालीला द्यावे. ती शहरातल्या प्रत्येक मोर्चात पुढे असते आणि तिच्या घोषणा माझ्या माळ्यापर्यंत ऐकू येतात. पण ती हत्यार वापरून झाले की पुसून जागेवर ठेवते. अशी माणसे मनाने आमच्याच पक्षाची असतात, तिला ते कळलेले नाही एवढेच. कोणी तिला सांगू नये, नाहीतर ती यंत्र परत करील.

वाचनालयाने माझे वर्तमानपत्र 'वाचक एकच' या कारणास्तव बंद केले. मी स्वतः वर्गणी भरून ते सुरू केले, तर ते रोज गठ्ठ्याच्या तळाशी मिळू लागले. बँकेतल्या शिल्लकीतून त्या पत्राची दहा वर्षांची वर्गणी भरावी, ती भरताना वर्तमानपत्र गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवण्याची अट लेखी घ्यावी. उरलेली शिल्लक मुलीची.

कलम ४. आमच्या पक्षाच्या शहर कार्यालयाला मी काही देत नाही. एकतीस वर्षे मी केंद्र क्रमांक चौदावर पक्षाचा प्रतिनिधी म्हणून बसलो. शाळेच्या त्या खोलीत, लहान मुलांच्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून. एवढ्या वर्षांत पक्षाचा एकही पुढारी या वॉर्डात फिरकला नाही. "तिथं काय आहे आपलं?" म्हणायचे. मी होतो ना तिथे! एकदा पोस्टर पाठवली, ती मतदान होऊन गेल्यावर पोहोचली. विरोधकांनी मला सहन केले, स्वकीय मला विसरले. कार्यालयाने दिलेली एक पायमोडकी खुर्ची दुकानात आहे, ती परत न्यावी.

त्याच बाकावर माझ्या शेजारी दुसऱ्या पक्षाचे प्रतिनिधी म्हणून आमच्या समोरच्या घरातले प्राध्यापक बसत. सहाशे मतांपैकी पाचशे ऐंशी त्यांची, इतर पक्षांची चिल्लर, आणि आमची दोन. दर वेळी दोन. एक माझे, एक माझ्या पत्नीचे. मोजणी आटोपून घरी आलो की ती विचारायची, "अहो, किती?" मी म्हणायचो, "दोन." ती म्हणायची, "म्हणजे घटली नाहीत." एवढ्यावर आमचा विजयोत्सव व्हायचा. प्राध्यापकांच्या पाचशे ऐंशी मतांचे मला कधी काही वाटले नाही. माझी दोन होती.

कलम ५. माझी पत्नी सात वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर वर्षभरात निवडणूक आली. मी मोजणीला बसलो, तो एक हा आकडा ऐकायची तयारी करूनच. केंद्राच्या अधिकारी बाईंनी मतपत्रिकांचे गठ्ठे लावले आणि आमच्या पक्षापुढे लिहिले: दोन.

मी उठलो. म्हटले, "पुन्हा मोजा. चूक आहे. एकच असलं पाहिजे."

बाई म्हणाल्या, "काका, एक मत जास्त मिळालं म्हणून तक्रार करणारे तुम्ही पहिलेच."

प्राध्यापक म्हणाले, "मोजा हो, त्यांचं समाधान होऊ द्या." पुन्हा मोजली. दोनच.

आता हे वाचणाऱ्याने माझ्या जागी बसून पाहावे. या वॉर्डात आमच्या पक्षाला मत देणारे आणखी कोणी असेल, हे मी ज्यांना किल्ल्या करून दिल्या त्या प्रत्येक माणसाला ओळखून सांगतो की शक्य नव्हते. आणि कोणी पहिल्यापासून असेलच, तर मग माझे एक, त्याचे एक, आणि हिचे? हिने एवढी वर्षे मत दुसरीकडे टाकले आणि घरी येऊन मला "घटली नाहीत" म्हणत राहिली? पुढची निवडणूक येईपर्यंत मी भिंतीवरच्या फोटोशी भांडलो. सकाळी दुकान उघडण्यापूर्वी विचारायचो, "सांग, कोणाला देत होतीस?" पुढच्या निवडणुकीतही दोनच आली. त्या दिवशी मी फोटो उतरवून कपाटात ठेवला. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहितो.

मुलगी बसने दोन तासांवरच्या गावी राहते आणि तिथल्या पालिकेत रस्ते-बाजारांचे नकाशे करते. तिची मते प्राध्यापकांची, किंबहुना त्यांच्याही पुढची. लग्नानंतरही तिने मतदार यादीतले नाव आमच्याच पत्त्यावर ठेवले होते आणि दर मतदानाला ती येई. मी तिला टोमणा मारला होता, "दोन तास बसमध्ये बसून बापाला पाडायला आलीस?"

ती म्हणाली, "हो बाबा. चहा टाकता का?"

दोन वर्षांपूर्वी पालिकेने बाजाराची फाटके काढायचा ठराव आणला. ठराव प्राध्यापकांनी लिहिला होता. उत्तर फाटकाचे कुलूप मी चौतीस वर्षे सांभाळले, पहाटे उघडले, रात्री लावले. सभेत विरोधात बोलणारा मी एकटा. आणि बाजूने बोलायला, नकाशा घेऊन, माझी मुलगी. चांगली बोलली. मला त्याचाच जास्त राग आला. (फाटक गेल्यावर बाजार गजबजला हे खरे आहे. दोन हातगाड्या चोरीला गेल्या हेही खरे आहे. पूर्वी एक कुलूप होते, आता प्रत्येक गाळ्याला वेगळे आहे. माझा धंदा वाढला, हे मी नाराजीने नमूद करतो.)

घरी आल्यावर मी तिला म्हटले, "यादीतलं तुझं नाव काढून घे. या घराच्या पत्त्यावर माझ्याविरुद्ध मत पडायला नको."

ती म्हणाली, "बाबा, नक्की काढू?"

"नक्की."

"एकदा विचार करा."

"केला."

 ती "बरं," म्हणाली आणि पिशवी उचलून बसला गेली. तिने नाव काढले. मी ते मृत्युपत्र केले.

यंदाच्या निवडणुकीत आमच्या पक्षापुढे बाईंनी लिहिले: एक.

मी पुन्हा मोजायला सांगितले नाही. प्राध्यापक माझ्याकडे न पाहता हातातल्या कागदाच्या घड्या घालत बसले. यादी माझ्यासमोर होती. गेल्या खेपेपासून यादीतून चार नावे कमी झाली. तीन माणसे वारली, तिन्ही प्राध्यापकांच्या पक्षाची, मिरवणुकीत झेंडा धरणारी. चौथे नाव माझ्या मुलीचे. कुलपात कोणती किल्ली फिरली हे पाहावे लागत नाही, हाताला कळते.

आई गेल्यावर आईचे मत ती देत होती. मी मोजणीला बसतो आणि कागदावर 'एक' पाहीन, हे तिला सहन झाले नसावे. आईने सांगून ठेवले होते की तिला आपले आपण सुचले, मला माहीत नाही. ज्या पक्षाला ती चूक मानते त्याच्या खुणेवर शिक्का मारायला ती दोन तास प्रवास करून येत होती, आणि मी तिला चहाबरोबर टोमणे देत होतो. आणि पत्नीबद्दल म्हणाल, तर मुलगी मतदार होण्याआधीही आमची दोनच होती. तिने मला कधी फसवले नाही. फोटो पुन्हा भिंतीवर लावला आहे. तिची माफी मागितली आहे.

मुलीला फोन केला होता. तिने "बाबा, बोला" म्हटले आणि मी तिला माळ्यावरचा नळ गळतो हे सांगितले. वॉशर बदला म्हणाली. तिने फोन ठेवला आणि मीही ठेवला.

कलम ६. म्हणून माझे घर, दुकानाचा गाळा, कलम ३ मध्ये दिलेले सोडून त्यातले सर्व सामान, आणि भंगारवाल्याकडून मी परत विकत घेतलेले उत्तर फाटकाचे कुलूप किल्लीसह, हे सर्व निर्वेधपणे माझ्या मुलीचे. कुलूप चालू आहे, वर्षातून एकदा तेल द्यावे. लावायला फाटक नाही, ही माझी चूक नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी समोरच्या प्राध्यापकांनी करावी. माझ्या बाजूचा माणूस मला सापडला नाही, आणि पुन्हा मोजा म्हटल्यावर त्यांनी मोजायला लावले होते. ते साक्षीदारही असल्याने त्यांना यातले काही देता येत नाही असे वकीलबाई सांगतात. हे ऐकून मला बरे वाटले.

मुलीला एकच विनंती, अट नव्हे. तिने आपले नाव पुन्हा या पत्त्यावर लावावे आणि मतदानाला यावे. मत द्यावे ते तिला पटेल त्यालाच. आमच्या पक्षाला देऊ नये. मी आयुष्यभर त्या पक्षासाठी बसलो आणि आज स्वतःच्या हाताने हे लिहीत आहे: माझ्यानंतर केंद्र क्रमांक चौदावर आमच्या पक्षापुढे शून्य यावे. दोन आली की मला वाटायचे, मी एकटा नाही. आता शून्य आले तर मला कळेल की माझी पोर आपल्या मनाने मत देऊन घरी आली, चहा टाकून बसली.

वर लिहिलेले सर्व मी पुन्हा वाचले. एकही वाक्य अर्धे सोडलेले नाही.

स्थळ: दुकान, खालचा गाळा, किल्लीच्या यंत्राजवळ.
दिनांक: रविवार, ९ नोव्हेंबर.

(सही) कुलूपवाला

साक्षीदार १: (सही) डॉक्टर. लिहून देणारा शुद्धीवर आहे. मतांबद्दलचे माझे वाक्य मी मागे घेतो.

साक्षीदार २: (सही) समोरचे प्राध्यापक. कलम २ शी पूर्णपणे असहमत. मोजणीच्या दिवशी शून्य पाहायला मी बसेन. एक आले, तर पुन्हा मोजायला सांगेन.