बाबा आजारी आहेत

१९ ऑक्टोबर

बाबा आजारी पडले. सकाळी कोंबड्यांना मका टाकता टाकता पायरीवर बसले, ते बसलेच. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई काहीतरी वेगळंच बोलल्या. त्या बाहेरगावच्या, त्यांना काय माहीत! आमच्या तोराजा लोकांत कार्य होऊन बळीचा पहिला रेडा पडत नाही तोवर माणूस आजारीच. श्वास थांबला तरी आजारीच. पडून असतो, बोलत नाही, पण असतो घरातच.

कंपाउंडर येऊन औषध टोचून गेला, अंग टिकावं म्हणून. बाबांना मागच्या खोलीत निजवलं. आईनं शाल पांघरली आणि नेहमीसारखी कुरकुरली — “कितीदा सांगितलं, उपाशीपोटी उन्हात जाऊ नका!”

२० ऑक्टोबर

रडले नाही. आजारी माणसासमोर कुणी रडतं होय?

६ नोव्हेंबर

आज माझं पार्लर पुन्हा उघडलं. गिऱ्हाइकं विचारतात, “दामारिस, बाबा कसे आहेत?” मी म्हणते, “आहेत तसेच. आराम चाललाय.” खरंच तर आहे!

उरलेला केसांचा रंग घरी आणला. बाबांच्या पांढऱ्या मिशा कधीपासून डोळ्यांत खुपत होत्या. जन्मभर हात लावू दिला नाही, आता कुठं पळतील? छान काळ्याभोर केल्या. दहा वर्षांनी लहान दिसायला लागले!

आई भात घेऊन आली. बघतच राहिली. “अगं, ह्यांना तरणंताठं करून कुणाला दाखवायचंय तुला?”

आणि मग आम्ही दोघी अशा हसलो, अशा हसलो की आईच्या हातातलं ताट कलंडलं. सगळा भात बाबांच्या शालीवर. शितं वेचतानाही हसतच होतो.

मला हल्ली असंच होतं. पोटातून काहीतरी उसळून वर येतं आणि हसूच फुटतं. कारण लागत नाही.

२३ नोव्हेंबर

आज तर कमाल! जावाहून आलेला एक विक्रेता, पाण्याचे फिल्टर विकणारा. गळ्यात टाय, घामानं डबडबलेला.

“घरात कर्ते पुरुष कोण?”

“बाबा. पण त्यांना बरं नाही.”

“पोट बिघडलं असणार! पाण्याचाच दोष. दोन मिनिटं भेटू द्या, आमचा फिल्टर बघून उठून बसतील.”

मी हो-नाही म्हणेपर्यंत गडी आत! आतून आधी त्याचा आवाज — “नमस्कार काका, काय त्रास होतोय?” मग असा धावत सुटला की एक चप्पल आमच्या दारात आणि फिल्टर आईच्या मांडीत.

आई मागून ओरडतेय, “अहो, चहा तरी घ्या!”

रात्रीच्या जेवणात बाबांना सगळी गोष्ट नकलेसकट सांगितली. ते असे किस्से स्वतः तिखटमीठ लावून सांगत. मीही लावलं. शेवटी तो विक्रेता झाडावर चढला असं सांगितलं.

२५ डिसेंबर

चर्चची गाणारी मंडळी घरी आली. बाबांना जाता येत नाही म्हणून नाताळची गाणी त्यांच्याच खोलीत. खर्जाचा सूर बाबांचा असायचा, तो लावायला कुणी नाही. मग मीच लावला! बेडकासारखा आवाज निघाला. पाद्रीबाबांनी गंभीर राहायचा फार प्रयत्न केला, पण त्यांचंच पोट आधी हलायला लागलं.

इतकं सुख होतंय की भीती वाटते. शेजारच्या मेकीचे वडील गेले तेव्हा ते नोकरीनिमित्त जावातच होते, तिकडच्या तिकडेच पुरले. तिला चार दिवससुद्धा मिळाले नाहीत. मला अख्खं घर भरून बाबा मिळालेत!

१४ फेब्रुवारी

भावकीची बैठक. रोंबेआत्या — बाबांची थोरली बहीण, तिचा शब्द शेवटचा — म्हणाली, “भात कापून झालं की जुलैत कार्य उरकू. रेडे तयार आहेत. सिलासचंही तेच म्हणणं.” सिलासदादा फोनवर होता, पापुआतल्या खाणीतून.

माझ्या तोंडाचा पट्टाच सुटला! मांडवाला बांबू कोवळे आहेत. आत्याचा तिमो मलेशियात, त्याला रजा नाही. पावसानं वाट वाहून गेलीय, पाहुणे येतील कसे? आजारी माणसाची घाई करतात का? पुढच्या वर्षी करू, थाटात करू, बाबांच्या नावाला शोभेलसं!

आत्या बारीक डोळे करून बघत होती. “दामे, आज तुझी जीभ फारच गोड झालीये.”

पण मान्य झालं!! पुढच्या वर्षी!

मागच्या खोलीत जाऊन दार लावून नाचले. बाबा, जिंकलो आपण!

१५ फेब्रुवारी

आई दिवसभर कुंपणाला टेकून वाटेकडे बघत होती. दमली असेल.

३ मे

मी आत्या झाले! दादाला मुलगा!! जरा लवकर आला, वजन कमी, पण रडतो म्हणे भोंग्यासारखा. आईनं फोन नाकाला लावून बघितला. “नाक बघ! थेट ह्यांचं!” मग फोन घेऊन बाबांकडे पळाली.

दादा म्हणाला, इतक्या लहान जिवाला विमानानं आणता येणार नाही. रजाही एकदाच मिळेल, कार्याला. म्हणजे पुढच्या वर्षी.

आई म्हणाली, “बरं.”

२७ मे

पार्लरमध्ये वीज गेली म्हणून दुपारीच घरी आले. मागच्या खोलीतून आईचा आवाज. मी उंबऱ्यातच थांबले.

“...तो पालथा पडायला लागेल, बसायला लागेल, मी फोनमध्येच बघत राहू का? एकदा मांडीवर घेऊन येते हो. पण तुम्ही असे. तुम्हाला कसं टाकून जाऊ?”

मग नाक ओढल्याचा आवाज. मग, “जाऊ दे. तुम्ही नका मनाला लावून घेऊ.”

मी आवाज न करता बाहेर आले. गावात दोन चकरा मारल्या. मग उगीचच चपला आपटत घरात शिरले. म्हटलं, “आई, मी आहे ना बाबांपाशी. तू जा पापुआला.”

ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, “आजारी नवऱ्याला सोडून? लोकांचं राहू दे, मलाच घास उतरेल का तिथं?”

ऑक्टोबरपासून आई कुंपणापलीकडे गेलेली नाही. हे मला आज दिसलं. मी पार्लरला जाते, बाजारात जाते, संध्याकाळी येऊन बाबांना किस्से सांगते. ती इथंच.

३१ मे

आत्याकडे गेले.

“यंदाच करू.”

“बांबू कोवळे होते ना?”

“वाढले.”

“तिमोची रजा?”

“मिळेल.”

आत्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. निघताना एवढंच म्हणाली, “भावाला आजारी म्हणायची मलाही सवय झाली होती गं.”

२ जुलै

घरात पाय ठेवायला जागा नाही! मांडव अर्धा उभा. बांडा रेडा आलाय, अंगावर पांढरे पट्टे, निळे डोळे आणि वागणूक नवरदेवाची. कुणी ओरडलं की रुसतो. आत्यानं ओरडून सगळ्यांना दमवलं, त्यालाही.

तिमो आला. रजा मिळाली नव्हती, नोकरीच सोडून आला! आत्या त्याला शिव्या घालत होती आणि ताटात वाढतही होती.

मी बाबांना रोज सांगते — आज हे आले, आज ते आले. कधी नाही इतकी बडबडतेय. गप्प बसलं की दिवस मोजायला लागते.

२० जुलै

दादा, वहिनी आणि बाळ!

आईनं बाळाला घेतलं आणि कुणाला देईचना. वहिनीनं दूध पाजायला मागितलं तर म्हणाली, “थांब गं, आत्ता तर आलाय.” मग सगळे मागच्या खोलीत. दादानं बाळाला बाबांच्या शेजारी निजवलं. बाळानं इकडेतिकडे बघितलं आणि सणसणीत शिंकलं! खोलीभर हसू. दादा हसता हसता भिंतीकडे तोंड करून उभा राहिला तो बराच वेळ.

आई दादाबरोबर पापुआला जाणार आहे, कार्य झालं की. पाऊस संपेपर्यंत राहणार. आत्ताच बोचकं बांधायला घेतलंय. लोकरीचे मोजे भरतेय. तिथं उकाडा असतो म्हटलं तर ऐकत नाही.

२१ जुलै

सगळे मांडवात. मी आणि बाबा दोघंच. म्हटलं, “बाबा, उद्या.” मग बांड्या रेड्यानं आत्याला चिखलात कसं ढकललं ते सांगितलं. ढकललं नव्हतं.

२२ जुलै

आज सकाळी पहिला रेडा पडला.

माझे बाबा वारले.