मूळ माझ्या परसात, कडुनिंब बिल्कीसचा

मी, सुमती कमलाकर गुप्ते, वय ७६, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार पनवेल, जि. रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ताळ्यावर आहे. मला कोणी भरीस पाडलेलं नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर आणि त्याखालची जागा माझा एकुलता एक मुलगा सत्यजीत यास मिळावी. तो ती बिल्डरला देणार हे मला ठाऊक आहे. खुशाल द्यावी. पुण्याहून येऊन या घराची कौलं कोण शाकारणार?

२. बँकेतली ठेव आणि माझ्या दोन बांगड्या नात अनुष्का हिला.

३. दगडी खलबत्ता सून रुचिरा हिला, कृतीसह. गुळवेलीची बोटाएवढी जाड कांडी घ्यावी, वरची पातळ साल खरवडावी, ठेचून रात्रभर भिजवावी, सकाळी पाणी निम्मं होईपर्यंत उकळावी. तापात माझे यजमान सुंठ घालून घेत, तेही गुळाचा खडा आधी हातात ठेवला तरच. शाळेतल्या मुलांना ताप आला की त्यांच्या आया माझं दार वाजवायच्या. काय दिवस होते ते! कोवळ्या पानांची भाजीही मी करत असे. ती घरात एकटी मीच खायची. मात्र ज्याला औषधं चालू आहेत त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा काढा देऊ नये. का, ते पुढे लिहिते.

४. वेलीविषयी. मूळ माझ्या परसात मोरीच्या पाण्यावर पोसलं, पण वेल चढली ती भिंतीपलीकडे, शेजारीण बिल्कीस मुकादम हिच्या कडुनिंबावर. कडुनिंबावरची गुळवेल सर्वांत गुणाची म्हणतात, म्हणून आम्ही दोघींनी ती मुद्दाम तिकडे वळवली. तीस वर्षं त्या भिंतीवरून माझ्याकडून कांड्या गेल्या आणि तिच्याकडून शिरखुर्मा आला, करंजा बंदरातले सुके बोंबील आले. तिच्याइतकं माझं हसणं कोणी ऐकलेलं नाही.

तेरा वर्षांपूर्वीच्या रमजानात तिचे यजमान महमूदभाई यांना कणकण होती. त्यांना मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्या. माझ्या वेलीने काय बरं होत नाही, या तोऱ्यात मी त्यांना पहाटे, रोज्याआधीच्या सहरीच्या वेळी पेलाभर काढा पाठवला. गोळी, काढा आणि दिवसभराचा रोजा. दुपारी रक्तातली साखर एकदम उतरून ते दुकानात कोसळले. डॉक्टरांना सांगायला हवं म्हणून त्यांचा मुलगा अदीब धावत विचारायला आला, "चाची, अब्बांना काय दिलं होतं?" मी म्हटलं, नुसतं सुंठेचं पाणी. मी घाबरले होते. महमूदभाई वाचले, पुढे सहा वर्षं जगले. पण मी खोटं बोलले, आणि त्या दिवसापासून बिल्कीसने भिंतीवरून हाक मारली नाही. मीही मारली नाही. या घरातलं माझं सर्वांत मोठं नुकसान तेच.

म्हणून मुळाभोवतीची दोन हात रुंद पट्टी बिल्कीसच्या नावे करायची, असं मी ठरवलं होतं. परवा मसुदा घेऊन तिच्याकडे गेले आणि वरचा सगळा मजकूर वाचून दाखवला.

ती म्हणाली, "मला माहीत होतं. पेला मीच धुतला होता. तू कधी सांगतेस, एवढीच वाट बघत होते."

मला रडू आवरेना. तिने पाणी दिलं आणि पट्टीचं ऐकून चक्क चिडली. नीम माझ्या दारातला, त्यावरची वेल तू मला काय बक्षीस देणार, म्हणाली. मग हाताला धरून परसात नेलं. फांदीवरून सुटलेलं एक दोऱ्यासारखं मूळ तिच्या बाजूच्या मातीत कधीच रुजलं होतं.

मी म्हटलं, निदान साक्षीदार हो. पण वकील म्हणतात, साक्षीदारालाच मृत्युपत्रातून काही दिलं तर पुढे वाद निघतो. तेव्हा दोन्हींतलं एकच.

"मग मला काही देऊ नको. सही कुठं करू, ते सांग."

सबब, पट्टीचा मजकूर मी खोडला आहे.

ठिकाण: पनवेल
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

सही: सुमती कमलाकर गुप्ते

आमच्या समक्ष सही केली:
साक्षीदार १: डॉ. स्नेहल राजे, पनवेल
साक्षीदार २: बिल्कीस महमूद मुकादम, शेजारीण